करड्याचे दोन रंग

इस्पितळाच्या लाँड्रीतली रात्रपाळी संपवून येते,
तेव्हा होर्सेन्समध्ये आठ वाजूनही उजाडलेलं नसतं.
बूट दाराशी, मोजे हीटरवर,
आणि मी कोटासकट टेबलाशी,
ठोकळ्यांचा डबा पालथा करून.

रोबो तळहातावर मावला पाहिजे,
चाळीस तुकडे, एक जास्त नाही.
नियम माझाच. मोडला तर विचारणारं कुणी नाही,
म्हणूनच पाळते.

धड पटकन होतं.
डोक्याचं एका खुंटीवर भागतं,
पारदर्शक लाल ठिपका दाबून बसवला
की ते बघायलाच लागतं.
खरी झटापट गुडघ्याशी.
बिजागरी सैल असली की गडी बसकण मारतो,
घट्ट असली की उभा राहतो
पण कुठे निघालाय असं वाटत नाही.
‘माणसाची अक्कल गुडघ्यात असली तर हसावं,
रोबोची तिथेच असायला हवी,’
असं आस्गर म्हणायचा.
नऊ वर्षांचा होता. माझा धाकटा भाऊ.

आमच्या वेळचा करडा वेगळा होता,
जरा पिवळट, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा.
मग कधीतरी कारखान्यानं रंग बदलला.
हल्लीचा निळसर आहे, मासळीच्या पाठीसारखा.
एकेकटा बघितला तर कळतही नाही.
शेजारी शेजारी ठेवले
की दोन वेगळ्या घरांतले वाटतात.

जुन्यांच्या कडांवर आस्गरचे दात आहेत.
चपट्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या
की तो चावून सोडवायचा.
आई ओरडायची.
बाबा जाळ्याची गाठ मारता मारता म्हणायचे,
असू दे, दुधाचेच आहेत, पडतील.
पडले.
खुणा राहिल्या.

दात आम्ही नंतरही धरले, एकमेकांवर,
बाबांची बोट विकली त्या उन्हाळ्यात.
कागदावर सही माझी होती.
तो फेरो बेटांवर गेला, क्लाक्सविकला,
मासे गोठवायची यंत्रं दुरुस्त करतो,
लग्न झालं, मोडलं,
हे सगळं चुलत बहिणीकडून.
सहा वर्षं.

नोव्हेंबरात एक रोबो केला.
एक पाय जुन्या करड्याचा, एक नव्या.
मुद्दाम नव्हे,
एका रंगाचे दोन पायांना पुरत नव्हते.
थोडा डावीकडे कलत होता. माझे सगळेच कलतात.
हात करायचे राहिले, चाळीस संपले होते.

बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून पाठवला.
चिठ्ठी तीनदा लिहायला घेतली,
तिन्ही वेळा ‘बोट’ या शब्दाशी अडले.
मग नुसताच.

जानेवारी सरता सरता डबा परत आला.
तोच डबा, तीच निळी पट्टी.
घेतलाच नाही, असं वाटलं.
खिडकीत दोन दिवस तसाच ठेवला.
तिसऱ्या दिवशी कानाशी हलवून पाहिला,
आत खडखड नव्हती, फुटलेला नव्हता.

उघडला.
टेबलावर ठेवला, तर सरळ उभा राहिला.
डावीकडे नाही, कुठेच नाही.
कंबर एका खुंटीनं मागे सरकवलेली,
एक पाऊल जरासं बाहेर वळवलेलं,
जणू मालाची गाडी आल्यावर
बाजूला झालेला माणूस.
डब्यात कागद नाही. कापूस झटकून पाहिला.
तुकडे मोजले: एकोणचाळीस.

कोणता काढला, ते कळायला संध्याकाळ गेली.
डाव्या गुडघ्यामागची पट्टी,
जी मी केवळ भीतीपोटी लावली होती,
कोसळू नये म्हणून.

आणि ती जिला चिकटून होती,
त्या निळसर करड्या पट्टीच्या कडेला
दोन दातांची खूण.
ताजी.
चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाची.

मी त्यावर नख फिरवलं.
मग डबा पुन्हा पालथा केला,
हातासाठी काहीतरी शोधायला.
एका तुकड्याची जागा आहे आता.